सतरा मीटर सत्तर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मामांकडून परत आले. आज पुढच्या खोलीतलं दुकान उघडलं तर सहा पँटी, दोन कोट आणि शाळेचे चौदा गणवेश तोंड वासून बसलेले. एका पँटीची शिवण उसवली आणि कात्री खाली ठेवली. मन लागेना. म्हणून मापांच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं उघडली आहेत. सांगणार तरी कुणाला? ह्यांना सांगायला जावं तर हे पाना-पकड घेऊन कुणाच्या तरी मोरीत शिरलेले.

मामा अठ्ठ्याऐंशीचे झाले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. तेव्हापासून लग्न होईपर्यंत त्यांच्याच घरी वाढले. ते तार ऑफिसात तारमास्तर होते. आता कानांनी पार दगा दिलाय. आवाज येतो, शब्द कळत नाही. डोळ्यांत मधोमध डाग, त्यामुळे पाटीवर ढबोळ्या अक्षरांत चार शब्द लिहिले तर भिंगानं वाचतात आणि दमतात. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती रोज येऊन घसा फोडून ओरडते आणि मामा सगळ्याला "हो, हो" म्हणतात. पाणी हवं? हो. पंखा बंद करू? हो. "बाबा, तुम्हाला माझं एक अक्षर कळत नाही ना?" हो, हो.

ताईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हणाली, "तीस मार्चला मी त्यांना माझ्या फ्लॅटवर नेतेय. घरमालकांना कळवलंय. आणि तो तारा पाठवायचा रेडिओ कुणाला तरी देऊन टाकणार. रोज सकाळी सातला कानाला लावून बसतात, हाका मारतात, पलीकडे कुणी नसतं. मला ते बघून भीती वाटते गं. डोकं जाग्यावर आहे की नाही तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सातला मी मामांच्या शेजारी बसले. खरंच, पाच मिनिटं कडकट्ट, मग पाच मिनिटं नुसतं ऐकणं. कुणी नाही. पुन्हा कडकट्ट. मला राहवेना. सेटची हवा बंद केली, म्हणजे बाहेर काही जाणार नाही, फक्त हेडफोनात शिट्टी वाजेल, आणि तारेच्या चावीवर बोट ठेवून सावकाश विचारलं, "मामा, भूक लागली का?"

ते एवढे हसले की दात हलले. मोठ्यानं म्हणाले, "टिंबू, हात गंजलाय तुझा!"

दोन दिवसांत त्यांच्या तोंडचं पहिलं धड वाक्य. टिंबू मीच. तारेच्या भाषेतलं टिंब आणि रेघ शिकले तेव्हापासूनची. शब्द त्यांच्या कानात विरघळतात, पण एकाच सुराची शिट्टी अजून स्वच्छ पोचते, एवढंच हे कोडं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "या वयात मला ते कट्ट-कडकट्ट जमणार नाही. शाळा सांभाळू की हे?"

निघताना मामांनी मला एक खोकं दिलं. छोटा सेट, एक ट्यूनर, डबीएवढा ट्रान्सफॉर्मर, चावी, आणि पंचवीस मीटर तांब्याच्या वायरचं भेंडोळं. म्हणाले, "सातला ये. सात मेगाहर्ट्झवर. रोज असतो मी."

चारशे किलोमीटर ते खोकं मांडीवर घेऊन आले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आधी सोपा मार्ग करून पाहिला. फोनवरून शिट्टी वाजवली, ताईनं तिकडे फोन मामांच्या कानाला लावला. फोनला वाटलं हा गोंगाट आहे. त्यानं तो शहाण्यासारखा गाळून टाकला. ताईला नुसती शांतता ऐकू आली आणि मामांना तीही नाही. मामांचा निरोप आला, "फोन नको. हवेतून ये."

हॅम रेडिओचं लायसन्स आहे माझ्याकडे. एकोणिसाव्या वर्षी मामांनी परीक्षेला बसवलं होतं. लग्नानंतर मी चावीला हात लावला नाही, पण मुदत संपत आली की दर वेळी मामांचा अर्ज यायचा, सगळा भरलेला. मी फक्त सही करून परत पाठवायचे. तेहतीस वर्षं. कागद जपायची तार ऑफिसातली सवय, दुसरं काय.

रविवार, ९ फेब्रुवारी

हे म्हणाले, "आता घरातून तार काढणार म्हणजे कावळ्यांचा झोपाळाच झाला. दुकानात बायका पडदे शिवायला येतात, त्यांना वाटेल इथं वीज चोरतात." मी म्हटलं, तुम्हाला यात पडायची गरज नाही. ह्यांना नळ-पाइपापलीकडे कशात रस नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. दिवसभर पाइपाच्या तुकड्यांना भोकं पाडत बसले होते. कुणाचं काम होतं कोण जाणे.

आमची खिडकी तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या इमारतीची गच्ची बरोबर रस्त्यापलीकडे. मध्ये हवा वीस मीटर. ह्यांनी एकदा त्या गच्चीची टाकी बसवली तेव्हाचं माप त्यांना तोंडपाठ आहे. वायरचं एक टोक माझ्या खिडकीत, सेटपाशी, आणि दुसरं त्या कठड्याला. दोन्ही टोकांना खांब नको, मधोमध केबल नको. गरिबाचा अँटेना. फक्त लांबी नीट पाहिजे, असं मामांच्या जुन्या वहीत आहे. किती, ते नाही.

आणि ती गच्ची रेफरींची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

रेफरी म्हणजे निवृत्त फुटबॉल पंच. अजून बोलताना हात वर करतात, जणू कुणाला मैदानाबाहेर काढताहेत. मी कठड्याला एक गाठ मारायची परवानगी मागितली. म्हणाले, "बाई, चार वर्षांपूर्वी माझी करडी पँट तुम्ही दोन बोटं आखूड केलीत. माझ्या मेहुणीच्या लग्नात माझे मोजे दिसत होते. ज्यांना दीड हात कापड मोजता येत नाही ते रस्त्यावरून वायर काय मोजणार?"

तोंडावर दार.

पँट त्यांनीच बूट न घालता मापाला दिली होती. पण हे आता कुठल्या तोंडानं सांगू?

शनिवार, १५ फेब्रुवारी

नवल. रेफरी स्वतः दुकानात आले, "बांधा तुमची दोरी, पण कबुतर अडकलं तर तुम्ही जबाबदार," म्हणाले आणि गेले. माणूस तापट, पण मनानं निर्मळ असणार. काल ह्यांनी त्यांच्याकडे टाकीचा व्हॉल्व बदलला म्हणे, म्हणून विचारलं, "तुम्ही काही बोललात का?" हे म्हणाले, "मी नळाचं बघतो, तारेचं नाही." तेही खरंच. करडी पँट मात्र सकाळी माझ्या टेबलावर होती, शिवण सोडायला. कुणी आणून ठेवली ते पाहिलं नाही. आत दोन बोटं कापड शिल्लक निघालं. मीच ठेवलं होतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मामांना विचारलं, वायर किती? ताईनं पाटीवर तेवढेच दोन शब्द लिहून दाखवले. त्यांनी उत्तर लिहिलं आणि ताईनं चिठ्ठीचा फोटो पाठवला. हस्ताक्षर अजून तारेच्या फॉर्मवरचं.

"आधी वीस मीटर तीस टाक. मग काय होतं ते कळव. सविस्तर."

बस. वीस मीटर तीस. जीव भांड्यात पडला. कापायची ती एकदाच कापायची. कापड असो की वायर, तोकडं झालं की वाढत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

वायर चढली. हे म्हणाले, तुला गच्चीवर उंचावर जमणार नाही, मी टाकीचं झाकण बघायला जातोच आहे तर टोक बांधून येतो. पाइपाचे भोकं पाडलेले तुकडे दोन्ही टोकांना लावले म्हणे, म्हणजे वायर कठड्याला टेकत नाही. खिशात होतेच, म्हणाले.

खाली दुसरी एक वायर जमिनीवर पसरायची असते, सेटच्या पाठीला जोडून. मी ह्यांना म्हटलं, नळाच्या पाइपाला जोडू. हे म्हणाले, "आपल्या इमारतीतले लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे कुणी बसवले?" ह्यांनीच. शेवटी वायर शिवणमशिनच्या खालून भिंतीच्या कडेनं नेली.

मग सेट सुरू केला. ट्यूनरची दोन बटणं आणि एक सुई. सुई खाली आली की वायर आणि सेट यांचं जुळलं. मी डावं फिरवलं, उजवं फिरवलं, दोन्ही फिरवली. सुई वर ती वरच. मशिनवर दोऱ्याचा ताण जुळवतो तसंच हे. पण ताणाचा स्क्रू फिरवून फिरवून कापडच चुकीचं असेल तर टाका बसणार कसा? चावी दाबली आणि चुकून डबीच्या टोकाला बोट लागलं. असा चटका बसला की मी हाताचं बोट तोंडात घातलं. सुई टोचणं माझ्या पेशातलंच, पण ही सुई दिसत नव्हती.

सातचे साडेआठ झाले. मामांनी हाक मारली असेल का? मला खरखर सोडून काही आलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ताईचा फोन. "बघ, मी म्हणत होते ना. त्यांनी तुला चुकीचं माप दिलं. त्यांच्याच विषयातलं! आता विसरायला लागलेत." बोटावर फोड आहे.

रडू आलं. चुकीच्या मापाचं नाही. मामांचं माप चुकलं याचं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मामांची दुसरी चिठ्ठी. "चटका बसला ना? तोही टोकालाच? छान. आता सांग, असं का झालं. घाई नाही, पण उद्या सांग."

छान! मला राग आला. ताईनं खाली लिहिलं होतं, "तुझं उत्तर आलं का म्हणून दिवसातून तीनदा विचारतात. फोनच्या आवाजाला मान वळवतात, आणि तो तर त्यांना ऐकूच येत नाही. काय चाललंय त्यांचं देवाला माहीत."

रविवार, २ मार्च

आज दुकान बंद ठेवलं आणि जमिनीवर फतकल मारून बसले.

वहीत एक सूत्र आहे: १४२.६ ला मेगाहर्ट्झनं भागा, म्हणजे त्या पट्ट्यातल्या अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये येते. मामांच्या ७.०२५ नं भागलं तर वीस मीटर तीस. मामांचं माप! म्हणजे विसरून दिलेलं नाही, मोजून दिलेलं आहे. वहीत पुढे बारीक अक्षरांत आहे की अर्ध्या लहरीच्या टोकाला विजेचा जोर सगळ्यांत जास्त असतो. म्हणून चटका. आणि म्हणून माझी इवलीशी डबी आणि ट्यूनर तिथं नांगी टाकतात. अर्धी लहर, तिची दुप्पट, तिप्पट, सगळीकडे तेच.

मग मला आपली भाषा सापडली. कापडाच्या ताग्यात ठरावीक अंतरावर विणीचे डाग असतात. ताग्यावर रागावून चालत नाही. आधी डागांना खडू लावायचा, आणि मग दोन डागांच्या मधल्या चांगल्या कापडात कटिंग बसवायचं. तसंच केलं. जमिनीवर पंचवीस मीटर नाडी वेटोळ्यांनी पसरली आणि मामा ज्या पाच पट्ट्यांवर बोलतात त्या प्रत्येकाच्या अर्ध्या लहरीला आणि तिच्या पटींना टाचणी लावली, पट्ट्यागणिक वेगळा दोरा. पाच मीटर दहा. सहा ऐंशी. दहा वीस. साडेतेरा. चौदा दहा. पंधरा तीस. आणि मग वीस मीटर तीसला तर चार रंगांच्या टाचण्या एकमेकींच्या उरावर! म्हणजे मामांनी मला निवडून निवडून ताग्यातली सगळ्यांत सडकी जागा दिली होती.

पंधरा तीस ते वीस तीस मात्र कोरं कापड. मध्य सतरा ऐंशी. पण वीसचा डाग मोठा, म्हणून मी दहा सेंटिमीटर त्याच्यापासून लांब सरकले. सतरा मीटर सत्तर.

फक्त एक अडचण. मी ह्यांना म्हटलं, वायर सतरा सत्तर आणि रस्ता वीस, पोचायची कशी? हे चहा पीत होते. म्हणाले, "पोचायला वायरच पाहिजे का? उरलेल्याला दोरी बांध." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. "नळाला होज कमी पडला तर आम्ही नळ जवळ आणत नाही," म्हणाले.

ताईला फोन करून सांगितलं की मामा विसरलेले नाहीत, त्यांनी मला मुद्दाम चुकवलं. ती म्हणाली, "मुद्दाम? का?" मी म्हटलं, शिकवायची त्यांची पद्धत. चुकीचं माप एकदा हाताला कळावं लागतं. "मग दोन आठवडे का घालवले?" मी म्हटलं, मामांना घाई कसली!

बुधवार, ५ मार्च

कापली. कापायच्या आधी तीनदा मोजली. तेहतीस वर्षं कात्री चालवतेय, कधी दोनदाच्या वर मोजलं नव्हतं.

ह्यांना आज पुन्हा रेफरींच्या टाकीचं झाकण बघायला जायचं होतं. ते झाकण फार बिघडतं.

रविवार, ९ मार्च

लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

पावणेसातला सेट सुरू केला. ट्यूनरचं बटण फिरवलं आणि सुई अशी खाली आली, जशी तेल घातलेल्या मशिनची पायपट्टी जाते. डोळे पुसून पुन्हा पाहिली. खालीच.

मग ऐकत बसले. खरखर, कुठून तरी दूरच्या माणसांची चिवचिव, आणि सात वाजून दोन मिनिटांनी, खालून, पाण्यातून आल्यासारखा, मामांचा हात. हात ओळखता येतो. चालण्यासारखा असतो तो. त्यांची रेघ शेवटी जरा लांबते, जशी पायरी उतरताना काठी लांबते. माझं नाव घेत होते. हवेतलं, परीक्षेनंतर मिळालेलं नाव. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच, तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. मी एवढी गडबडले की पहिल्यांदा चावी उलटी धरली.

मी उत्तर दिलं. मला वाटलं पोचलं नाही.

मग आलं, "टिंबू. उशीर केलास."

मी म्हटलं, "पाचच मिनिटं झाली, मामा."

ते म्हणाले, "पाच मिनिटं नव्हे."

माझ्या घड्याळात सात पाचच होते. त्यांचं घड्याळ पुढे असणार. ताईला सांगून लावून घ्यायला हवं.

मग त्यांनी विचारलं, लांबी किती? मी सांगितलं. विचारलं, सतरा ऐंशी का नाही? मी डागाचं सांगितलं. ते म्हणाले, "तारमास्तरांना हे सुचलं नसतं. शिंप्याला सुचलं." आम्ही मराठीतच बोलतो, इंग्रजी अक्षरांत. पंचवीस मिनिटं बोललो. माझ्या चुका काढल्या, ह्यांची चौकशी केली, पंतोजींसारखं एक वाक्य पुन्हा पाठवायला लावलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं ते डोकं घासलेल्या पितळेसारखं लख्ख आहे.

मागे वळून पाहिलं तर हे दारात उभे, हातात माझा गार झालेला चहा. "काय म्हणतात?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. हे म्हणाले, "बरं," आणि तोच चहा पिऊन टाकला.

बुधवार, १२ मार्च

रोज सातला. मशिन बंद ठेवावं लागतं, मोटरची खरखर आत येते. गिऱ्हाइकांना सांगितलंय, साडेसातनंतर.

रविवार, १६ मार्च

आजचं मला नीट लिहायचं आहे.

ताई सातला मामांच्या खोलीत होती. तिनं मला फोनवर संदेश पाठवला, "त्यांना विचार ना, माझ्याकडे यायला मनापासून तयार आहेत का. मी दहादा विचारलं, हो म्हणतात, पण तू विचार."

मी विचारलं, "ताईकडे राहायला जाताय ते मनापासून ना?"

"कोण जातंय?"

"तुम्ही. तीस मार्चला. घर सोडून."

मी ट्यूनर बघितला, वायर बघितली. मग मामांचा हात आला, पण सावकाश, जणू अंधारात जिना शोधताहेत. "मला वाटत होतं, ती डॉक्टरकडे न्यायचं म्हणते. म्हणून हो म्हणालो."

माणूस दोन आठवड्यांत घरातून उचलला जाणार होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. मी सगळं जसंच्या तसं ताईला लिहून पाठवलं. पाठवू की नको, असा क्षणभरही विचार केला नाही. करायला हवा होता का, ठाऊक नाही.

तोवर मामा पुढे बोलत होते. "टिंबू, तिला एक विचार. मला तिचा चेहरा कडेकडेनं दिसतो. ओरडताना तो रागावलेला असतो. चार वर्षं ती माझ्यावर रागावलेली आहे. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. ती येते तेव्हा मी सगळ्याला हो म्हणतो, म्हणजे राग वाढायला नको."

हेही मी पाठवलं.

पलीकडे काय झालं ते ताईनं दुपारी फोनवर सांगितलं, तेही तुटक तुटक. तिनं फोनवर ते वाचलं आणि ती मामांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. शाळेची मुख्याध्यापिका, बासष्ट वर्षांची. ओरडली नाही. बोलून उपयोग नव्हता, म्हणून नुसतं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मामांनी हेडफोन काढला. "बाबा म्हणाले, रागावली नव्हतीस होय? आणि मग तेच रडायला लागले," ताई म्हणाली. "मी घसा फोडून काळजी करत होते गं, आणि ते ती शिक्षा समजत होते."

मी म्हटलं, आता?

"आता तू त्यांना नीट विचार. तारीख गेली खड्ड्यात."

सोमवार, १७ मार्च

विचारलं. पायऱ्यांचं, एकटं पडण्याचं, ताईच्या येरझाऱ्यांचं, सगळं सांगून विचारलं. मामा म्हणाले, रात्रभर विचार करून उद्या सांगतो. मी ताईला म्हटलं, बघ, हे खरं उत्तर. हो म्हणाले नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

"जातो. ती दमली आहे. पण तिच्या खिडकीतून वायर निघाली पाहिजे. सातला मी नसलो आणि तू हाक मारलीस, असं व्हायला नको. ते फार वाईट असतं."

त्यांना कसं माहीत, कोण जाणे. इतकी वर्षं सातला त्यांचे पुष्कळ मित्र हवेत असतील असंच मी समजत होते.

शनिवार, २९ मार्च

ताईच्या फ्लॅटवर आलोय, आम्ही दोघं. हे म्हणाले, सध्या काही काम नाही, मीही येतो. वाटेत ह्यांचा फोन अकरा वेळा वाजला. प्रत्येकाला "सोमवारनंतर" म्हणाले.

बाल्कनी चौथ्या मजल्यावर. समोर पार्किंगच्या पलीकडे दिव्याचा खांब, पण त्याला हात लावायचा नाही. आवारातली भिंत मात्र इमारतीचीच. तिरकं माप साडेतेराच्या आत. इथं सतरा सत्तर बसत नाही. मी नाडी आणली होती. टाचण्यांत पाहिलं: दहा वीस आणि साडेतेरा यांच्या मध्ये कोरं कापड आहे, अकरा ऐंशीच्या आसपास. ताईनं विचारलं, "प्रत्येक घराला वेगळं माप?" मी म्हटलं, "माणसालाही असतंच की." बोलून गेले, मग लाजले.

वायर ताईनं धरली, मी कापली, ह्यांनी टोकं बांधली. खाली एक शेजारी विचारत होते हे काय, ताईनं शाळेच्या आवाजात सांगितलं, "माझ्या वडिलांचा कान आहे." पुढे कुणी काही विचारलं नाही.

रविवार, ३० मार्च

मामांना आणलं. खुर्चीत बसवलं, बाल्कनीकडे तोंड करून. त्यांनी हात पुढे करून वायर चाचपली, डबीपासून खिडकीपर्यंत, आणि विचारलं, "किती?" ताईनं पाटी उचलली, मग ठेवली. त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर बोटानं आकडे काढले. एक, एक, मग ऐंशी. मामांनी मान हलवली. "टिंबूनं काढलं का?" ताईनं तळव्यावर काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आठ दिवस रोज बोलणं झालं. अकरा ऐंशी थोडी मंद येते, पण येते. आज मामा सातच्या ठोक्याला नव्हते. सात पाच झाले, सात दहा. मी ह्यांना म्हटलं, काहीतरी झालं. हे चपला घालून उभे राहिले, जणू चारशे किलोमीटर पायी निघणार.

सात चौदाला आले. मी विचारलं, कुठं होता?

म्हणाले, "ताईशी बोलत होतो. सेटची हवा बंद करून तिनं चावी हातात घेतली. आठवडाभर माझ्या नकळत शिकतेय म्हणे, शाळेत मधल्या सुट्टीत. हात अगदी वाईट आहे, तुझ्या लहानपणीपेक्षा वाईट. एका अक्षराला चहा गार होतो."

मी विचारलं, काय म्हणाली?

"तिनं विचारलं, बाबा, कुठे दुखतं का. चार वर्षांत तिचा पहिला प्रश्न मला पूर्ण कळला. मी सांगितलं, डावा गुडघा. पावसाळ्यापासून. आज दुपारी दाखवायला नेणार आहे."